शवासनाचा गृहपाठ

५ जानेवारी, सोमवार

हे पान तिसऱ्यांदा लिहितोय. पहिल्यात ओळी उतरत गेल्या, दुसऱ्यात समास चुकला. योगवर्गात नाव घालायला गेलो तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, "रोज चार ओळी लिहीत जा. मनात येईल ते. खाडाखोड करायची नाही." पानं फाडायची नाहीत असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या.

तर कारण असं की माझ्या दाढा झिजल्यात. मी झोपेत दात खातो म्हणे. मी दुसऱ्यांचे दात करून पोट भरणारा माणूस. दातांच्या डॉक्टर साचे पाठवतात, मी त्यांवरून कॅपा आणि कवळ्या करून देतो. आता त्याच डॉक्टरांपुढे आ करून बसायची पाळी आली. त्या म्हणाल्या, "झोपेत खडी फोडता की काय? तोंडात घालायला पट्टी देते, पण डोक्यात घालायला माझ्याकडे काही नाही. तुम्हाला सगळं कसं अगदी नीट लागतं, त्याचं हे आहे. योगाला जा, जरा सैल व्हा." पट्टी मी माझी मीच केली. मनासारखी होईना म्हणून परत केली. अजून एक करणार आहे.

ही घरी नाही. हिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिच्याकडे मदतीला गेलीय. बसने दोन तासांचा रस्ता. दोन आठवड्यांत येते म्हणाली होती, ते होऊन गेले. कामाच्या वेळी घरात शांतता हवी असं मी जन्मभर म्हणत आलो. आता आहे शांतता, तर घर खायला उठतं.

८ जानेवारी, गुरुवार

पहिला वर्ग. टायरच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथे. बाई उंच, आवाज घोगरा. पूर्वी पोहायला शिकवायच्या, म्हणून अजून सगळ्या सूचना पलीकडच्या काठावर ऐकू जातील अशा देतात.

मी माझी सतरंजी फरशीच्या रेघेला लावून घातली. शेजारी एक काका होते, त्यांची चांगलीच तिरकी. ते डोळे मिटून पडले होते, म्हणून हळूच ओढून सरळ केली. काकांसकट. बाई लांबून म्हणाल्या, "तुम्ही त्यांचं आसन करताय का?" सगळे हसले. यात हसण्यासारखं काय होतं? रेघ सगळ्यांसाठीच आहे.

ताडासन उत्तम झालं. खाली वाकून पायाचे अंगठे धरायचे असतात ते काही जमेना. बोटं नडगीच्या मध्यावर येऊन थांबली. एक बाई माझ्याहून दुप्पट जाड, तिचे तळवे जमिनीला टेकलेले. डोक्यात तिडीक गेली.

१३ जानेवारी, मंगळवार

वर्गाच्या शेवटी शवासन असतं. उताणं पडायचं आणि काही करायचं नाही. म्हटलं, इथे तरी आपला पहिला नंबर. बाई फिरत फिरत माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "मेलेल्या माणसाला एवढी काळजी नसते हो." म्हणे माझी बोटं आखडलेली होती, भुवया वर होत्या. शेजारचे काका तर चक्क घोरत होते आणि त्यांना म्हणाल्या, छान.

घरी येऊन सराव केला. पुढच्या खोलीत गजर लावून पडलो. दोन पावलांत अंतर किती ठेवायचं ते बाईंनी सांगितलेलं नाही, मी खांद्यांइतकं धरलं. तेवढ्यात हिचा फोन.

"काय करताय?"

"शवासनाचा अभ्यास."

ही हसायला लागली ती थांबेचना. मागून ताईही हसताना ऐकू आल्या. मी गप्प राहिलो, कारण बोललो असतो तर हसणं थांबलं असतं. मग विचारलं, "कधी येतेस?" हसणं थांबलंच. म्हणाली, "ताईला अजून जिना चढता येत नाही."

हो, तेही खरंच. माणसाने अडीअडचणीला उभं राहायलाच हवं. पण मला करमत नाही. हे तिला सांगितलं नाही, उगाच तिचा जीव दोन्हीकडे ओढला जायचा.

१८ जानेवारी, रविवार

फोनवर चांगली अर्धा तास बोलली. ताईंच्या घरात म्हणे सोफ्यावर आठवड्याची वर्तमानपत्रं पडलेली असतात आणि जो तो त्यांवरच बसतो. साडू चहाचा कप खिडकीत ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी शोधतात. परवा भात लागला, तर तिघांनी करपलेला भांड्यातूनच खरवडून खाल्ला.

मी म्हटलं, "तुला किती त्रास होत असेल."

"नाही हो. मजा येते."

बिचारी. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणते. इतकी वर्षं नीटनेटक्या घरात राहिलेली बाई, तिला तिथे कसं निभत असेल? मनाने मोठी आहे म्हणून बोलत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

ही येईल तेव्हा घर असं दिसलं पाहिजे की तिथला सगळा शीण एका क्षणात जावा. त्या कामाला लागलोय. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, प्रत्येकावर चिठ्ठी डकवली. पडद्यांच्या चुण्या सारख्या अंतरावर घेतल्या. सोफ्यावरची चादर चारी बाजूंनी ताणून खाली खोचली.

सगळ्यांत मोठं काम झालं ते हिच्या शिवणाच्या डब्याचं. हा डबा म्हणजे नुसता गुंता. दोरे, टेप, चिंध्या, अर्धवट विणलेलं काहीतरी, सगळं एकात एक. दोन संध्याकाळी बसून सोडवला. दातांची छटा जुळवायला आमच्याकडे एक पट्टी असते, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत उतरत जाणारी. त्याच धर्तीवर दोरे फिक्याकडून गडदकडे लावले. अर्धवट विणकाम उसवून लोकरीचा गुंडा करून ठेवला, कारण त्यात मध्येच एक टाका सुटलेला होता. ती पुन्हा सुरुवातीपासून नीट करू शकेल.

हे करताना फार बरं वाटलं. हिच्या शेजारी बसल्यासारखं. योगात मन शांत होतं म्हणतात ते हेच असावं.

१ फेब्रुवारी, रविवार

ही आली होती. आली आणि गेली.

सकाळी न सांगता दारात उभी. म्हणाली, गरम कपडे न्यायला आलेय. तोंडाला रुमाल होता, बसमध्ये धूळ फार होती म्हणे. मी इतका खूश झालो की आधी तिला घरच दाखवायला निघालो. ती स्वयंपाकघरात उभी राहिली, डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. मी शिवणाचा डबा उघडून पुढे केला. तिने बराच वेळ पाहिलं. मग तो लोकरीचा गुंडा हातात घेतला.

"हे उसवलंत?"

"टाका सुटला होता. तुझ्या लक्षात आलं नसेल."

"आलं होतं," ती म्हणाली. "डबा छान लावलाय."

चहा तिने उभ्यानेच घेतला, पाठ माझ्याकडे करून, खिडकीपाशी. आता लिहिताना ध्यानात येतंय की मी तिला बस म्हणालोच नाही. सोफ्याची चादर नुकतीच ताणली होती, म्हणून असेल. जाताना स्वेटर घेतला आणि स्वतःची उशीही घेतली. म्हटलं, उशी कशाला? तर म्हणे तिकडची फार मऊ आहे. म्हणजे ताईंच्या गुडघ्याला बराच वेळ लागणार. या वयात हाडं लवकर धरत नाहीत.

दारात म्हणाली, "योग चालू ठेवा हं. सोडू नका."

जातानाही तिला माझी एवढी काळजी. ती जिना उतरून गेल्यावर मी चहाचा कप विसळला. पलंगावर एकच उशी राहिली तर ती मध्ये ठेवावी की एका बाजूला, ते अजून ठरत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

चुकल्या चुकल्यासारखं वाटतंय सारखं. वर्ग संपल्यावर बाईंना विचारलं, मी नक्की कुठे चुकतो?

"तुम्ही चुकत नाही, हीच तर पंचाईत आहे," बाई म्हणाल्या. "एकदा चुकून दाखवा."

घरी येऊन प्रयत्न केला. दोन डब्यांच्या जागा बदलल्या. चप्पल दारात वाकडी काढली. एक पुस्तक उलटं ठेवलं. मग पाहिलं तर तिन्ही चुका एका रांगेत, सारख्या अंतरावर. जित्याची खोड. हिला फोन करून सांगितलं असतं तर परत तशी हसली असती, पण फोन ताईंनी उचलला. ती बाहेर गेलीय म्हणाल्या.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे कळलं ते लिहावं की नाही हा प्रश्न आहे. लिहितो.

डॉक्टरांकडे तयार कवळी द्यायला गेलो होतो. त्या हात धूत होत्या. सहज म्हणाल्या, "मिसेसचा दात बसला ना नीट? दुखत नाही ना आता?"

"कुठला दात?"

त्यांनी नळ बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. चेहरा पार उतरला. मग एकेक शब्द काढून घ्यावा लागला. ताईंकडे करपलेल्या भाताचं भांडं घासताना ते उसळून हिच्या तोंडावर बसलं, पुढचा दात तुटला. जानेवारी संपताना ही इथे येऊन साचा देऊन गेली. डॉक्टरांनी साहजिकच माझं नाव घेतलं. ही नको म्हणाली. कॅप दुसरीकडून करून घेतली.

माझ्या बायकोचा दात दुसऱ्याने केला. स्वयंपाक्याच्या बायकोने खाणावळीत जेवावं, तसं. मी विचारलं, का? मी काय मेलोय?

डॉक्टर म्हणाल्या, "रागावू नका. त्यांचा दात थोडा आत वळलेला होता ना, कडेला बारीकसा टवका. त्या म्हणाल्या, मला होता तस्साच हवा. ह्यांना सांगू नका, ह्यांच्या हातून तो सरळ होईल."

मी म्हटलं, मी तीस वर्षं साच्यावरून काम करतोय, साचा वाकडा असेल तर दात वाकडाच होतो. डॉक्टर म्हणाल्या, "नाही होत. तुमचे दात सगळे सुरेख असतात. कधी कधी पेशंट म्हणतात की सुरेख आहे, पण तोंडात पाहुणा आल्यासारखा दिसतो." हे त्या मला आज सांगतायत.

अंगाची लाही लाही झाली आहे. योगबिग सब झूट. फोन करणार नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी कामाच्या टेबलाशी बसलो ते सरळ मेण घेतलं. म्हटलं, दाखवून देतो. हिचा दात माझ्या डोळ्यांपुढे आहे. डावीकडचा पुढचा, शेजारच्यामागे किंचित लपलेला, बाहेरच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा टवका. लग्नाआधी पहिल्यांदा पाहिला तेव्हापासून माहीत आहे. नवेपणी मी हौसेने म्हणायचो, एका दुपारचं काम आहे, सरळ करून देतो. ती हसण्यावारी न्यायची. पुढे पुढे हसताना ओठ मिटून हसायला लागली, तेव्हा मला वाटलं वयाबरोबर पोक्तपणा येतो.

मेणात केला. सरळ झाला. वितळवून परत केला, मुद्दाम आत वळवला. कोरणी बाजूला ठेवून पाहिलं तर पुन्हा सरळ. टवका पाडायला जायचो आणि कड गुळगुळीत करूनच हात थांबायचा. संध्याकाळपर्यंत हेच. टेबलावर हिचे दात म्हणून जेवढे झाले, ते सगळे कुणा दुसऱ्याच बाईचे होते.

तिला माहीत होतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

साडूंना फोन केला. ते फोन उचलतात तेच चेष्टा करत. "बोला दंतमहर्षी." म्हटलं, ताई कशा आहेत? "अहो, ती पळतेय नुसती. जिना काय, काल बाजारात जाऊन माझ्यासाठी चपला आणल्या, त्याही दोन्ही एकाच पायाच्या. महिना झाला, काठीसुद्धा माळ्यावर टाकली."

"मग ही?"

ज्या माणसाला तिरडीवरून उठून विनोद करता येईल, त्याला एक विनोद सुचेना. शेवटी म्हणाले, "तुम्ही एकदा या. पण तिला न्यायला म्हणून येऊ नका. नुसते या."

म्हणजे गुडघा केव्हाच बरा झालाय. ही तिथे राहतेय, कारण तिला तिथे राहायचंय.

तसाच वर्गाला गेलो. शवासनात पडलो. शेजारी काका घोरत होते. डोळ्यांतलं पाणी कडेने वाहून कानात गेलं, आणि ते पुसायला हात उचलता येत नाही, आसन मोडतं. मग आसन गेलं खड्ड्यात असं वाटलं आणि हुंदका आला. मोठ्याने. बाईंनी माझ्या डोळ्यांवर पंचा टाकला आणि तिथेच बसून राहिल्या. पलीकडे काकांची झोपमोड झाली, ते म्हणाले, "काय झालं?" बाई म्हणाल्या, "काही नाही, जमलं."

काय जमलं? मला माझी बायको हवी आहे. दुसरं काही जमवायचं नाही मला.

२२ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

जाऊन आलो.

पहाटेच जाग आली आणि मग घरात थांबवेना. मिळेल त्या बसने निघालो. ताईंचं घर म्हणजे तिने सांगितलं होतं त्याच्या वरताण. दारात चपलांचा ढीग, त्यात साडूंच्या त्या दोन उजव्या. दार हिनेच उघडलं. मला पाहून तिने पटकन ओठ मिटले.

ताई आणि साडू काहीतरी निमित्त काढून बाजारात गेले. मी सोफ्यावर बसलो, वर्तमानपत्रांवरच. ती समोर वेताच्या मोड्यावर.

"डॉक्टरांनी सांगितलं," मी म्हटलं.

"रागावलात?"

"हो."

"दाखवू?"

मी मान हलवली. ती हसली. खोटं हसली, दात दाखवण्यापुरती, पण दात दिसला. माझ्या डोळ्यांनी आपलं काम लगेच सुरू केलं. छटा एक पायरी उजळ. हिरडीपाशी करडी रेघ. भट्टीत जरा जास्त वेळ राहिलेला. आणि तो बरोबर तिथे होता, आत वळलेला, कडेच्या टवक्यासकट. हिचा दात. इतक्या वर्षांत मी तो इतक्या जवळून पाहिलाच नव्हता, ओठांआड गेला होता तो.

"सांगा, काय काय चुकलंय," ती म्हणाली. "तुम्हाला दिसलंय सगळं. मी ओळखते ते डोळे."

"मला हा करता आला नसता. करून पाहिला. मेणात."

"मग?"

"सरळच होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "किती वेळा केलात?"

"मोजलं नाही."

"खरं सांगा."

"मोजलं."

तेव्हा ती खरी हसली. मला भडभडून आलं. म्हटलं, "घरी चल गं. मला तुझ्याशिवाय राहवत नाही. खरंच सांगतो, राहवत नाही."

तिचं हसू गेलं, पण तोंड वळवलं नाही तिने. म्हणाली, "मला तिथे बसायची भीती वाटते हो. खुर्ची ओढली की तुम्ही बघता. कप ठेवला की बघता. बोलत काही नाही, उठून सरळ करता. मग मला वाटतं, आता माझी पाळी." मग म्हणाली, "ते विणत होते ना, ते तुमच्यासाठीच होतं. सुटलेला टाका मी पाहिला होता. म्हटलं, राहू दे, घालतील. तुम्ही घातलं नसतंत ना?"

नसतं घातलं.

"मी आत्ता येत नाही," ती म्हणाली. "कधी येईन ते मलाही माहीत नाही. येईन की नाही तेही विचारू नका."

नाही विचारलं. ओठांवर होतं, अजूनही आहे. त्यानंतर ताई आणि साडू आले, सगळ्यांनी चहा घेतला. साडूंनी कप खिडकीत ठेवला. मी तो पाहिला आणि हिने मला पाहताना पाहिलं. मी हात मांडीखाली घेऊन बसलो. ताई काय बोलत होत्या ते एक अक्षर ऐकू आलं नाही मला. एवढ्याशा कपाला इतकं बळ लागेल असं वाटलं नव्हतं.

ही थांब्यापर्यंत सोडायला आली. बस लांबून दिसायला लागली तेव्हा माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "हे काय?" मी खाली पाहिलं. शर्टाचं प्रत्येक बटण एक काज सोडून पुढच्यात. एक टोक वर, एक खाली, कॉलर गळ्यात रुतलेली. तसाच मी दोन तास बसमध्ये बसलो, तिच्यासमोर बसलो, चहा प्यालो. जन्मात असं झालं नव्हतं. शरमेने बटणाकडे हात नेला. हिने तो धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "असेच जा."

बस थांबली तरी तिने हात लगेच सोडला नाही. कंडक्टर ओरडला तेव्हा सोडला. मी खिडकीत बसलो. ती काही म्हणाली, काचेतून ऐकू आलं नाही. मी काच उघडेपर्यंत बस निघाली.

घरी येऊन दिवा लावला आणि हे लिहायला बसलो. शर्ट काढलेला नाही. कॉलर बोचते आहे. काढला की संपलं, असं वाटतंय. झोपायच्या वेळी काढावाच लागेल.